एकशे वीस व्होल्टचं पॅनेल

पुष्करने अमेरिकेहून पाठवलेलं खोकं उघडल्यावर विनयाच्या हाताला सगळ्यात आधी लागला तो प्लग. मुठीएवढा काळा ठोकळा आणि त्यातून बाहेर आलेल्या दोन चपट्या पट्ट्या. जनकपुरीच्या त्यांच्या घरात भिंतीभिंतीला सॉकेट होते, पण या पट्ट्या आत जातील असा एकही नव्हता. तिने फोटो काढून भावाला पाठवला आणि खाली लिहिलं, 'हे कुठे लावू?'

उत्तर आलं, 'ताई, फक्त पिन बदलायची. प्रवासातला अडॅप्टर आहे ना तुझ्याकडे? पाच मिनिटांचं काम आहे.'

ओहायोत बसलेल्या पुष्करच्या हिशेबाने दिल्लीतलं कुठलंही काम पाच मिनिटांचं असायचं. बाबांचं पेन्शनचं प्रमाणपत्र, बाथरूमची गळती, मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेणं, सगळं. विनया त्यावर आता काही बोलत नसे. ती बावन्न वर्षांची होती, लग्न केलेलं नव्हतं, गुडगावच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या टीमची मॅनेजर होती. आई गेल्यापासून ती आणि बाबा असे दोघेच त्या तळमजल्याच्या घरात राहत होते. आठवड्यातून दोनदा ती ऑफिसला जायची, बाकीचे दिवस घरूनच काम करायची. दिवसभर घरात राधा असायची. ती स्वयंपाक करायची आणि बाबांकडे बघायची.

बाबांकडे बघणं हे आता खरंच काम झालं होतं. भालचंद्र टिकेकर चौऱ्याऐंशी वर्षांचे. केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात विद्युत अभियंता म्हणून उभी नोकरी केलेली. अर्ध्या दिल्लीतल्या सरकारी इमारतींचं वायरिंग त्यांच्या देखरेखीखाली झालं होतं. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, आणि संध्याकाळ झाली की त्यांना घरी जायचं असायचं. घर म्हणजे लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर. निवृत्त होईपर्यंत ते सगळे तिथे राहिले होते. ती जुनी क्वार्टर्स पाडून तिथे आता उंच टॉवर झाले होते, पण बाबांच्या डोक्यात ती तशीच उभी होती. दोनदा ते कुणाला न सांगता बाहेर पडले. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या बागेत सापडले. दुसऱ्यांदा थेट सरोजिनी नगरच्या बाजारात, एका पाटीवाल्यापाशी आईसाठी लोकरीचे मोजे निवडत उभे असलेले.

डॉक्टर म्हणाले, "कोंडून ठेवू नका. पण दार उघडलं की कळेल असं काहीतरी लावून घ्या."

एवढंच पुष्करला सांगायचा अवकाश, त्याने लगेच अलार्मचं पॅनेल घेतलं. दारावर बसवायचा सेन्सर, भिंतीवर लावायचं पॅनेल, आत बॅटरी, वर सायरन. सेलमध्ये मिळालं होतं. दिल्लीला येणाऱ्या एका मित्राबरोबर त्याने ते पाठवूनही दिलं. विनयाला विचारलं नव्हतं.

तिने कपाटातून प्रवासातला अडॅप्टर शोधला, काळा ठोकळा त्यात बसवला आणि बटण दाबलं. पॅनेलवरचा हिरवा दिवा लागला. ठोकळ्यातून माशी घोंगावावी तसा आवाज येऊ लागला. विनयाला वाटलं, तो असाच येत असेल. पुष्करला 'झालं' असं लिहीपर्यंत खोलीत जळकट वास भरला आणि हिरवा दिवा गेला.

बाबा आतल्या खोलीतून हुंगत आले. "ट्रान्सफॉर्मर गेला," ते म्हणाले. "कुठला गेला?"

विनयाने बोट दाखवलं. त्यांनी बटण बंद केलं, टॉवेलने धरून ठोकळा काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि मागचं बारीक अक्षर वाचलं.

"एकशे वीस व्होल्ट, साठ हर्ट्झ. हा आपल्याकडचा नाही. कुणी लावला?"

"मी."

"तू इंजिनिअर ना?"

"सॉफ्टवेअर, बाबा."

"मग असं लाव म्हणून कुणी सांगितलं?"

"पुष्करने."

"पिन बदलली म्हणून वीज बदलत नाही," ते म्हणाले. मग पॅनेलकडे बघून विचारलं, "आणि हे आहे कशाला?"

"चोरांसाठी," विनया म्हणाली. त्या क्षणी तिला एवढंच सुचलं.

पुष्करला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. त्या रात्री त्याने नवा ठोकळा मागवला आणि विनयाला एक लिंक पाठवली. स्टेप-डाऊन कन्व्हर्टर, म्हणजे दोनशे तीसचे एकशे दहा करणारा डबा. तो दिल्लीतच मिळाला. पोळ्यांच्या मोठ्या डब्याएवढा होता आणि उचलायला दोन हात लागायचे. ठेवायला जागा नव्हती म्हणून विनयाने तो दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर ठेवला. नवा ठोकळा आल्यावर पॅनेल सुरू झालं. दार उघडलं की दिवसा नुसतं 'टुंग' वाजायचं. रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात दार उघडलं तर सायरन. हे पुष्करने तिकडून व्हिडिओ कॉलवर एकेक बटण सांगत तिच्याकडून बसवून घेतलं.

"बघ, झालं की नाही?" तो म्हणाला.

"झालं," विनया म्हणाली. तिलाही बरं वाटलं होतं, हे खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला राधा नेहमीप्रमाणे तिच्याकडच्या किल्लीने दार उघडून आत आली आणि सायरन सुरू झाला. अमेरिकेतल्या मोठ्या घरांसाठी केलेला सायरन होता तो. राधाच्या हातातली दुधाची पिशवी पडून फुटली. बाबा पलंगावर उठून बसले आणि "मेन बंद करा, मेन बंद करा," असं म्हणत राहिले. वरच्या मजल्यावरचे खन्नाजी बनियनवर खाली आले. समोरच्या घराची बाल्कनी माणसांनी भरली. विनया पॅनेलवर आकडे दाबत होती आणि ते तिला चुकीचा कोड म्हणून सांगत होतं. शेवटी सायरन थांबला तेव्हा तिने पॅनेलवरचं घड्याळ पाहिलं. त्यात अजून सकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते.

तिने घड्याळ लावलं. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा मागे पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा मागे. हे बाबांना विचारावं असं तिच्या मनात आलं नाही. तिने ऑफिसातल्या दोघांना विचारलं, इंटरनेटवर शोधलं आणि शेवटी त्या पॅनेलच्या कंपनीच्या ग्राहक-सेवेला लिहिलं. तिथल्या बाईने कळवलं, की हे मॉडेल विजेची स्पंदनं मोजून वेळ ठरवतं. तिकडे सेकंदाला साठ येतात, तुमच्याकडे पन्नास, म्हणून घड्याळ दर तासाला दहा मिनिटं मागे पडणार. डब्याने व्होल्ट बदलतात, स्पंदनं नाही. हे मॉडेल फक्त आमच्या देशासाठी आहे, त्यात यावर उपाय नाही, आपला दिवस चांगला जावो.

विनयाने ते उत्तर जसंच्या तसं पुष्करला पाठवलं.

"मग तू रोज सकाळ-संध्याकाळ घड्याळ सेट करत जा ना," पुष्कर म्हणाला. "पाच मिनिटांचं..."

"पुष्कर, वाक्य पुरं करू नकोस."

"अगं, तोवर मी दुसरं काहीतरी बघतो."

"तू काही बघू नकोस."

पण ती घड्याळ लावत राहिली, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. सकाळी चहा व्हायच्या आधी, संध्याकाळी कुकर लावताना. एखाद्या दिवशी राहिलं की सकाळी सायरन. खन्नाजींनी सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता लिहिलं, की काही लोकांनी परदेशी वस्तू लावताना शेजारच्या रक्तदाबाचा विचार करावा. राधाने तर सरळ सांगितलं, "दीदी, मुझे इस डिब्बे से डर लगता है." आणि खरी गोष्ट अशी, की विनयालाही त्याची भीती वाटू लागली होती. दार उघडताना ती श्वास रोखून धरायची. स्वतःच्याच घराचं दार.

त्या मंगळवारी ती ऑफिसला गेली होती. दुपारी चारच्या सुमाराला मीटिंगमध्ये असताना फोन थरथरला. अनोळखी नंबर. तिने कापला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती बाहेर जाऊन बोलली.

"हॅलो, विनया टिकेकर का?" पलीकडून मराठीत एका तरुण बाईचा आवाज आला. "मी सुखदा वैशंपायन, लक्ष्मीबाई नगरमधून बोलतेय. घाबरू नका. तुमचे बाबा माझ्याकडे आहेत, ठीक आहेत. त्यांच्या खिशात तुमचा नंबर होता."

विनयाने विचारलं, "तिथे कसे पोचले ते?"

"रिक्षाने आले म्हणतात. आमच्या टॉवरच्या गेटवर गार्डशी भांडत होते, की माझं क्वार्टर कुठे नेलंत. मी भाजी घेऊन येत होते. मराठीत पुटपुटताना ऐकलं म्हणून थांबले. तुम्ही सावकाश या. ते पोहे खातायत."

विनयाने राधाला फोन लावला. राधा रडतच होती. ती कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली होती. आणि पॅनेल? राधा म्हणाली, की दुपारी झाडताना तिने डब्याची पिन काढून ठेवली होती, कारण तो गुरगुरत होता. पिन काढल्यावर पॅनेल आतल्या बॅटरीवर चाललं आणि सारखं टीं टीं करू लागलं, म्हणून मग तिने पॅनेल उघडून बॅटरीची वायरही ओढली. तिला रागवावं असं विनयाला वाटलं, पण कुठल्या तोंडाने रागावणार? त्या डब्याची पिन काढावी असं तिला स्वतःला रोज वाटत होतं.

लक्ष्मीबाई नगरला पोचायला तिला दीड तास लागला. सुखदा तिशीची, नागपूरहून बदली होऊन आलेली, हिशेब खात्यात नोकरीला. सहाव्या मजल्यावरच्या तिच्या घरात बाबा सोफ्यावर ताठ बसले होते आणि तिला सांगत होते, की या इमारतीचा अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या, कंत्राटदार त्यात नेहमी चोरी करतात.

"ये," ते विनयाला म्हणाले. "हिला ओळखतेस का? ही आपल्या शेजारी राहते."

"हो, बाबा," विनया म्हणाली. तिने सुखदाचे आभार मानले. सुखदाने तिला आत नेऊन पाणी दिलं.

"ताई, माझे आजोबा असेच होते," ती म्हणाली. "कधीही आणा यांना. मुद्दाम घेऊन या."

परतताना मोतीबागेच्या पुलाखाली गाड्या खोळंबल्या होत्या. बाबा मागच्या सीटवर झोपले. विनयाने पुष्करला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो ऑफिसला निघाला होता. तिने काय झालं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, कॅमेरा पण लावू. अ‍ॅपवर मला इकडून दिसेल. मी परवाच एक पॅनेल पाहिलंय, जरा वरचं मॉडेल..."

"किती व्होल्टचं?" विनयाने विचारलं.

"अं?"

"ते वरचं मॉडेल. किती व्होल्टचं आहे? सेकंदाला किती स्पंदनं लागतात त्याला? प्लग कसा आहे? आणि समजा तुला तिकडे दिसलं, की बाबा दार उघडून चाललेत. तर तू काय करणार? मला फोन. मग मी काय करणार? राधाला फोन. तोवर ते पोचले लक्ष्मीबाई नगरला."

"ताई, चिडू नकोस यार."

"मी चिडले आहे. मला चिडू दे."

मग पुष्कर अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला इथून दुसरं काय करता येतं, सांग ना. वस्तू पाठवता येते. तेवढीच येते."

सिग्नल सुटला होता आणि मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

"पॅनेल मी निवडणार," ती शेवटी म्हणाली. "तू रोज संध्याकाळी बाबांना फोन कर. तुमच्या सकाळी. त्यांना नेमकी त्याच वेळी घरी जायची घाई होते. त्यांच्याशी बोल. काहीही बोल."

"रोज?"

"रोज. पाच मिनिटांचं काम आहे."

शनिवारी ती करोल बागेला गेली. तिथे गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांच्या गल्लीत अलार्मची दोन-तीन दुकानं होती. गाडीचे अलार्म विकता विकता ती घरांचेही विकू लागली होती. शनिवारी राधा अर्धाच दिवस यायची, म्हणून बाबांना बरोबर घ्यावं लागलं. मेट्रोत त्यांनी चार वेळा विचारलं, "आपण कुठे चाललोय?" चारही वेळा तिने सांगितलं. पाचव्यांदा ती जरा तोडून बोलली, आणि मग समोरच्या बाईने तिच्याकडे जे पाहिलं त्याने तिला आणखीच राग आला.

पहिल्या दुकानातल्या माणसाने काचेच्या कपाटातून एक चकचकीत पॅनेल काढलं. "ये लीजिए मैडम, इम्पोर्टेड. एक नंबर."

"व्होल्टेज?"

"एक सौ दस. टेन्शन मत लीजिए, कन्व्हर्टर साथ में दे देंगे."

विनया बाबांचा दंड धरून बाहेर आली.

दुसरं दुकान अरुंद होतं. दुकानदार पन्नाशीचा, सौम्य माणूस होता. काउंटरवर त्याने तीन पॅनेलं मांडली. विनयाने फोनमध्ये लिहून आणलेल्या प्रश्नांतला पहिला विचारला, आतून दार उघडलं तर वाजेल का, तोच बाबांनी हात पुढे केला.

"पीछे की प्लेट दिखाइए," ते म्हणाले.

दुकानदाराने पहिलं पॅनेल उलटं केलं. मागे काही लिहिलेलंच नव्हतं. "ये रखिए," बाबा म्हणाले. "जिसकी प्लेट नहीं, उसकी गॅरंटी नहीं." दुसऱ्याची प्लेट त्यांनी वाचली आणि मान हलवली. तिसरं हातात घेऊन ते दिव्याखाली गेले.

"शंभर ते दोनशे चाळीस. पन्नास आणि साठ, दोन्ही." त्यांनी ते विनयाला वाचून दाखवलं, जणू ती त्यांच्या हाताखालची नवी ज्युनिअर होती. मग दुकानदाराला विचारलं, "घड़ी किससे चलती है? लाइन से?"

"नहीं सर, अंदर अपनी घड़ी है. लाइन से मतलब नहीं."

"मेन बंद करके दिखाइए."

दुकानदाराने पॅनेल जोडलं, सेन्सर हातात धरून उघडमीट करून दाखवली, मग मेन बंद केलं. पॅनेल बॅटरीवर चालू राहिलं. टीं टीं न करता. बाबांनी समाधानाने मान हलवली. मग अर्ध्या मिनिटाने म्हणाले, "मेन बंद करके दिखाइए."

"बाबा, दाखवलं त्यांनी."

"कधी?"

दुकानदाराने विनयाकडे पाहिलं आणि पुन्हा मेन बंद केलं. तिसऱ्यांदाही केलं. विनयाचे कान तापले. सगळ्यांचाच राग आला होता तिला, बाबांचा, पुष्करचा, त्या सौम्य माणसाच्या सौम्यपणाचासुद्धा. हिला घाई आहे, हिला काम आहे, हिला घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"हेच द्या," ती म्हणाली. "आणि सायरन कुठला आहे?"

दुकानदाराने सायरनचं बटण दाबलं. आवाज मोठा होता. बाबांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"कुणासाठी एवढं?" ते म्हणाले.

"चोरांसाठी, बाबा. सांगितलं ना."

"चोर बाहेरून येतात. तू मघाशी याला विचारत होतीस, की आतून दार उघडलं तर वाजेल का."

विनया थांबली. दुकानदार वायर गुंडाळू लागला. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न तपासून बघत होतं, वेगवेगळ्या सुरांत. तिला वाटलं होतं, हे कधी सांगावंच लागणार नाही. सांगितलं तरी त्यांच्या लक्षात राहणार नाही. मग खोटं बोलायचं तरी कशाला, हाही विचार त्याच वेळी तिच्या मनात आला, आणि त्या विचाराने ती एकदम थकली.

"तुमच्यासाठी आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही न सांगता बाहेर जाता. मंगळवारी तुम्ही लक्ष्मीबाई नगरला गेला होतात. मला कळलंच नाही. मी फार घाबरले."

ते तिच्याकडे बघत राहिले. मंगळवार त्यांना आठवत नव्हता, हे तिला दिसत होतं. पण बाकीचं कळलं होतं.

"मग आधी मला विचारायचं," ते म्हणाले.

"हो. चुकलं."

"दाराला काही लावायला माझी ना नाही. माणसं म्हातारी झाली की लावावं लागतं." त्यांनी पॅनेल काउंटरवर ठेवलं. "पण भोंगा नको. भोंगा चोराला. मी माझ्या घरातून बाहेर पडतोय."

विनयाने दुकानदाराला विचारलं, की दुसरा कुठला आवाज आहे का. होते, बरेच होते. त्याने एकेक वाजवून दाखवला. पक्ष्यांची किलबिल. एक आरती. इंग्रजीत 'दार उघडं आहे' असं सांगणारी बाई. बाबांनी सगळे ऐकून घेतले, काही दोनदा. शेवटी साध्या घंटीवर ते थांबले. डिंग-डाँग.

"ही," ते म्हणाले. "ही घरातली वाटते."

दुसऱ्या दिवशी दुकानातून जयेश नावाचा माणूस बसवायला आला. त्याने भिंतीवरचं अमेरिकेचं पॅनेल उतरवलं, नवं त्याच भोकांवर बसवायचा प्रयत्न केला, ती जुळली नाहीत म्हणून नवी पाडली. भिंतीवर चार जास्तीची भोकं राहिली. बाबा खुर्ची टाकून समोर बसून होते आणि त्याने अर्थिंग जोडलं की नाही हे विचारत होते. जयेशने दर वेळी "जोड़ दिया, अंकल" म्हटलं. चपलांच्या स्टँडवरचा डबा राधाने स्वतः उचलून माळ्यावर नेला. खन्नाजी खाली येऊन घंटी ऐकून गेले आणि म्हणाले, की हे ठीक आहे.

एक गोष्ट अशी झाली जी कुणी ठरवली नव्हती. बाबा दार उघडायचे, घंटी वाजायची, आणि त्यांना वाटायचं कुणीतरी आलंय. मग ते तिथेच उभे राहून बाहेर बघायचे. "कोण आहे?" असं विचारायचे. कुणी नसायचं. बिल्डिंगमधली मुलं घंटी वाजवून पळतात, अशी तक्रार ते राधाकडे करायचे, आणि तोवर राधा किंवा विनया दारापाशी पोचलेली असायची. नेहमीच असं होईल असं नव्हतं. एकदा ते घंटीकडे लक्ष न देता सरळ फाटकापर्यंत गेले. एकदा राधा पोचली तेव्हा ते रिक्षावाल्याशी बोलत होते. डॉक्टर म्हणाले, पुढे बघू, जसं होईल तसं.

पुष्कर रोज फोन करू लागला. पहिल्या आठवड्यात त्याला काय बोलावं ते सुचत नसे, मग तो बाबांना तिकडच्या घराच्या वायरिंगचे प्रश्न विचारू लागला. एकच प्रश्न त्याने तीनदा विचारला तरी बाबांना चालायचं. 'अ‍ॅपवर काहीच दिसत नाही' ही त्याची कुरकुर सुटली नव्हती, पण तो ती आता विनयाकडे करत होता, बाबांकडे नाही.

विनयाची चिडचिड मात्र कमी झाली असं म्हणता येणार नाही. दिवसातून दहा वेळा घंटी वाजायची. दूधवाला, कुरिअर, राधा, कचरेवाला, वारा. दर वेळी ती खुर्चीतून उठायची आणि दहातल्या नऊ वेळा उगाच उठलेली असायची.

एका गुरुवारी दुपारी ती टीमबरोबर कॉलवर असताना घंटी वाजली. तिने कान दिला. राधा मागे भांडी घासत होती, नळ वाहत होता. विनयाने कॉल म्यूट केला आणि बाहेर आली. बाबा उघड्या दारात उभे होते, कोट घातलेला, पायात आईच्या चपला.

"कुणी नाही," ते तिला म्हणाले. "घंटी वाजली पण कुणी नाही."

"अच्छा," ती म्हणाली. "तुम्ही कुठे निघालात?"

त्यांनी विचार केला. "जरा बाहेर."

आत लॅपटॉपवर कुणीतरी तिचं नाव घेतलं. तिने फोनवरून कॉल पुन्हा जोडला, एक इयरफोन कानात अडकवला, बाबांच्या पायातल्या चपला बदलल्या आणि स्वतःच्या घातल्या. फाटकाबाहेर आल्यावर बाबांनी तिचा हात धरला. ते अगदी हळू चालत होते, प्रत्येक विजेच्या खांबापाशी थांबून वर बघत, आणि तिच्या कानात कुणीतरी पुढच्या तिमाहीचे आकडे वाचत होतं.

"विनया, आर यू देअर?" साहेबांनी विचारलं.

"हो," ती मराठीतच म्हणून गेली, मग सावरून इंग्रजीत सांगितलं, की ऐकतेय. बाबा पुढच्या खांबाकडे बोट दाखवत होते. तिथली एक वायर लोंबत होती.